संघ जुन्या खेळाडूचे काय देणे लागतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: संघात १३ हंगाम काढलेला, ३४ वर्षांचा कर्णधार प्रशिक्षकांना पुढच्या हंगामात नको आहे, गावातील प्रेक्षक त्याच्यासाठी अडून बसले आहेत, आणि कार्यकारिणीत नव्यानेच निवडून आलेले आपण या दोहोंच्या कात्रीत सापडला आहात. अशा खेळाडूशी संघाने निष्ठा राखावी का, असे आपण विचारले आहे. गोव्यातील क्लब फुटबॉलमध्ये संघव्यवस्थापक म्हणून २० वर्षांहून अधिक काळ काढल्यावर माझे मत असे झाले आहे की निष्ठा राखायलाच हवी, पण ती अकरा जणांच्या यादीत शोधू नये. संघातली जागा कोणाचीही हक्काची नसते. खरे सांगणे, आणि ते खेळाडूला काही उपयोग होईल इतक्या आधी सांगणे, हे मात्र संघाचे देणे असते. बहुतेक ठिकाणी या दोन गोष्टींची गल्लत होते आणि मग जागा अर्धीमुर्धी दिली जाते, खरे अजिबात सांगितले जात नाही.

संघाने निष्ठा पाळावी असे म्हणताना संघ म्हणजे कोण, हे आधी ठरवून घ्यावे. प्रशिक्षकाकडून ही अपेक्षा ठेवू नये. मैदानावर २५ मुले सराव करीत असतात आणि त्यांच्यापैकी एकाला मागल्या पुण्याईवर खेळवले, तर उरलेल्या २४ जणांना ते कळायला एक सराव पुरतो. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, पुढे गेला आणि परतताना दोन पावले कमी पडू लागला, की ती दोन पावले शेजारचा मधला बचावपटू, सेंटर बॅक, भरून काढतो. आदरापोटी तो काही महिने तक्रार करीत नाही. नंतर करतो, आणि ती प्रशिक्षकाकडे न करता ड्रेसिंग रूममध्ये करतो, हे जास्त वाईट. म्हणून निवडीच्या बाबतीत प्रशिक्षकाचे हात मोकळे असले पाहिजेत. देणे आहे ते संस्थेचे. प्रशिक्षक दोन-तीन हंगामांत बदलतो. आपल्या कर्णधाराने १३ वर्षांत बहुधा पाच-सहा प्रशिक्षक पाहिले असतील. ज्या संस्थेने त्याची १३ वर्षे घेतली ती जागेवरच आहे, आणि हिशेब तिच्याच वहीत आहे. गेल्या वर्षी आलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडून त्याला निरोप देणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे होय, आणि हे मी बरेचदा घडताना पाहिले आहे.

गोव्यात हा प्रश्न पूर्वी इतका बोचत नसे, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साळगांवकर, धेंपो, सेझा हे संघ खाण उद्योगातील घराण्यांनी आणि कंपन्यांनी उभे केले. चांगल्या खेळाडूला कंपनीच्या पटावर घेण्याची रीत होती. सकाळी सराव, नंतर कचेरी, आणि गुडघ्यांनी दगा दिला की सराव सुटे, कचेरी राहत असे. निष्ठेवर कोणी भाषण करीत नव्हते, कारण ती महिन्याच्या पगारातच होती. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक दीड दशकाहून अधिक काळ एकाच साळगांवकर संघात राहिला, भारताचा कर्णधार झाला, पुढे अर्जुन आणि २०२२ साली पद्मश्री मिळवता झाला. त्या पिढीला संघ बदलण्याचे आजच्याइतके कारणही नव्हते. या व्यवस्थेचे मला फार कौतुक करायचे नाही. पगार बेताचे होते, मालकाच्या मर्जीला महत्त्व होते, आणि ज्याला पटावर घेतले नाही त्याचे काय झाले याची कोणी नोंद ठेवली नाही. तरीही ३३व्या वर्षी उद्यापासून काय खायचे, हा प्रश्न तिने अनेकांपुरता सोडवला होता.

ती व्यवस्था हळूहळू विरली. २०१२ साली खाणी बंद झाल्या, २०१८ साली पुन्हा एकदा झाल्या. त्याआधीच एक-एक हंगामाचे करार रूढ झाले होते, आणि २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा आल्यावर व्यावसायिक फुटबॉलचा सारा भारच फ्रँचायझीकडे सरकला. २०१६ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीग-फेररचनेच्या विरोधात धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून अंग काढून घेतले, तेव्हा वयाची तिशी गाठलेल्या किती तरी जणांना एकाच उन्हाळ्यात नवा संघ शोधावा लागला. त्या उन्हाळ्यात कोणा एका खेळाडूवर कोणी ठरवून अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पण नोकरीचा आधार गेला होता, आणि त्याच्या जागी लिखित असे काहीच आले नव्हते.

लिखित नियम कोणाच्या बाजूचे आहेत हेही पाहा. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, चालू हंगामात तो एकतर्फी मोडता येत नाही, आणि दोन महिन्यांचे वेतन थकले तर १५ दिवसांची नोटीस देऊन खेळाडू बाहेर पडू शकतो. हे सगळे करार चालू असतानाचे संरक्षण आहे. आता दुसरी बाजू: १२ ते २३ या वयात ज्या ज्या संघांनी खेळाडू घडवला, त्यांना, तो पुढे करार चालू असताना रक्कम घेऊन परदेशी संघाकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के हिस्सा वाटून मिळतो. म्हणजे संघाने खेळाडूच्या कोवळ्या वयात केलेल्या खर्चाची परतफेड नियमात आहे. खेळाडूने आपली उमेदीची वर्षे संघाला दिली त्याची परतफेड नियमात कुठेही नाही. करार ३१ मे रोजी संपला की १ जूनला कोणी कोणाचे काही लागत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. ज्या संघाच्या भिंतीवर त्या खेळाडूचे फोटो लावलेले आहेत, त्याने कायद्याकडे बोट दाखवून थांबणे मात्र मला पटत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण माझ्या मतांचे मूळ तिच्यात आहे. संघाचे आणि खेळाडूचे नाव सांगण्याची गरज नाही. तो लेफ्ट बॅक होता, ३४ वर्षांचा, आमच्याकडे १२ हंगाम खेळलेला. त्याला ठेवायचे नाही हे एप्रिलमध्येच ठरले होते. मला सांगवेना. मेमध्ये त्याच्या मुलीचे बारशासारखे घरचे एक कार्य होते, तेव्हा नको म्हटले. जूनमध्ये पाऊस लागला, सराव बंद होता, म्हणून राहिले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सरावाला बोलावलेल्यांची यादी ड्रेसिंग रूमच्या दाराला लावली, एका मुलाने तिचा फोटो काढून खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला, आणि त्याला आपले नाव नसल्याचे घरी बसून कळले.

दुसऱ्या दिवशी तो किट परत करायला आला. दोन जर्सी, एक ट्रॅकसूट, प्रवासाची बॅग. सगळे धुऊन, इस्त्री करून, ट्रॅकसूटच्या चेनमध्ये अडकलेला दोरासुद्धा काढून आणलेला. वहीच्या पानावर त्याने वस्तूंची यादी लिहिली होती आणि तिच्याखाली माझी सही मागितली. बारा वर्षांत मी त्याला किट देताना कधी सही घेतली नव्हती, त्यानेही कधी पावती मागितली नव्हती. मी सही केली. जाताना तो इतकेच म्हणाला की मेमध्ये कळले असते, तर वास्कोच्या एका संघाने विचारले होते, आता त्यांचा लेफ्ट बॅक ठरला. वगळल्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. आपण संपत आलो हे त्याला आमच्याआधी कळले होते, कारण उजव्या बाजूने येणारी मुले आता आपल्याला बाहेरून काढतात हे मैदानावर सर्वांत आधी लेफ्ट बॅकलाच कळते. त्याचे अडीच महिने मात्र मी घेतले होते, आणि ते परत करण्याची सोय कुठल्याही वहीत नव्हती.

संकोच हे निष्ठेचे लक्षण आहे असा आपल्या लोकांचा समज असतो. ‘बरे दिसणार नाही’ या तीन शब्दांनी आपल्या क्लबांत जेवढ्या खेळाडूंचे नुकसान केले आहे, तेवढे निर्दय प्रशिक्षकांनी केले नसेल. मोठ्या संघांनाही हे सुटलेले नाही. नऊ वर्षांचा असताना रेआल माद्रिदमध्ये आलेला इकेर कासियास २०१५ साली पोर्तोला निघाला, तेव्हा निरोपाच्या पत्रकार परिषदेत तो एकटाच बसून रडत होता. टीका झाल्यावर दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसह आणखी एक कार्यक्रम घाईने उरकला गेला. त्याला जाऊ देणे फुटबॉलच्या दृष्टीने चूक की बरोबर, हा वेगळा प्रश्न. लोकांच्या मनात राहिली ती त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची.

उलट बाजूचा खर्चही मांडला पाहिजे, कारण गावातील प्रेक्षक तो धरत नाहीत. कार्यकारिणीच्या बैठकीत असा विषय निघाला की कोणीतरी रोमाच्या फ्रान्चेस्को तोत्तीचे नाव काढतोच. २० एप्रिल २०१६ रोजी तोरिनोविरुद्ध संघ १-२ असा मागे असताना ३९ वर्षांचा तोत्ती ८६व्या मिनिटाला मैदानात आला आणि त्याने दोन गोल करून सामना ३-२ असा जिंकून दिला. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण तो अखेरच्या चार मिनिटांपुरताच मैदानात उतरला होता, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. प्रशिक्षकांनी त्याला ९० मिनिटे खेळवायचे नाही असे ठरवले होते, आणि त्यावरून त्या दोघांत बेबनाव झालेला होता. आपण चार मिनिटांचे उदाहरण देऊन ९० मिनिटांचा करार मागतो.

क्रिकेटमधले धोनीचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांना ‘अनकॅप्ड’ मानण्याच्या नियमामुळे २०२५च्या आयपीएलसाठी चेन्नईने त्याला ४ कोटी रुपयांत राखले. २८ मार्चला चेपॉकवर बंगळूरविरुद्ध तो नवव्या क्रमांकावर आला, १६ चेंडूंत नाबाद ३० धावा केल्या, प्रेक्षक खूश झाले, आणि चेन्नई ५० धावांनी हरली. त्या हंगामात संघ तळाला राहिला. दोष एकट्या धोनीचा नक्कीच नव्हता, पण संघाचा क्रम त्याच्या गुडघ्यांच्या सोयीने आखावा लागत होता हे प्रशिक्षकांनीच मान्य केले होते. शिवाय तिथे निष्ठा आणि धंदा यांची दिशा एकच आहे: त्याच्यामुळे मैदान भरते आणि पिवळ्या जर्सी खपतात. आपल्या गोवा प्रोफेशनल लीगमध्ये तिकिटांवर संघ चालत नाही, त्यामुळे आपल्याला तो हिशेब लागू पडत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या पायांची किंमत एकच जण मोजतो: बेंचवर बसलेला १९ वर्षांचा मुलगा. तो दोन हंगाम वाट पाहतो, मग बापाच्या ओळखीने परदेशात नोकरी बघतो किंवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जातो. गोव्यात हे वाक्य अलंकारिक नाही. त्याचे नाव घेऊन कोणी अडून बसत नाही, कारण त्याला अजून कोणी ओळखत नाही.

सोडून जाणारा प्रत्येक लाडका खेळाडू निष्ठाभंगाचा बळी असतो असेही नाही. ब्रँडन फर्नांडिस २०२४ साली सात हंगामांनंतर एफसी गोवा सोडून मुंबईला गेला, तेव्हा पुष्कळांना वाईट वाटले. पण त्या वयाच्या खेळाडूपुढे निवडीला वाव असतो आणि दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. देणे निर्माण होते ते खेळाडूकडे निवड उरत नाही तेव्हा, साधारण तिशी ओलांडल्यावर. गोलरक्षक आणि सेंटर बॅक यांच्या बाबतीत ही रेषा आणखी पुढे असते. गोलरक्षक ३६व्या वर्षीही जागा ओळखून निम्मे काम करतो. कडेने सतत धावणाऱ्या विंगर आणि फुलबॅकला तशी सवलत नाही. आपला कर्णधार कुठे खेळतो हे आपण कळवलेले नाही. तो मधल्या फळीत खोलवर खेळत असेल, तर प्रशिक्षकांशी एकदा मोकळेपणाने बोला: नको म्हणजे पहिल्या अकरात नको, की पथकातच नको? म्हापशाच्या दुलेर मैदानाचे कृत्रिम गवत ज्या गुडघ्यांना सोसत नाही, ते गुडघे नैसर्गिक मैदानावर अर्धा तास चालू शकतात. पण हा प्रश्न प्रशिक्षकांना विचारण्याचा आहे. त्यांच्या गळ्यात बांधण्याचा नाही. आणि कर्णधाराला ठेवायचेच असेल, तर कर्णधारपदाची हातावरची पट्टी आधी दुसऱ्याकडे द्या. बेंचवर बसणारा कर्णधार हा रोजचा पेच असतो.

त्या चुकीनंतर आम्ही काय बदलले, तेही सांगतो. खेळाडू २९-३० वर्षांचा झाला आणि त्याने संघात पाच हंगाम पूर्ण केलेले असले, की पुढच्या करारात चार गोष्टी लिहायला सुरुवात केली. करार नवा करायचा की नाही हे ३१ मार्चपूर्वी लेखी कळवायचे. न कळवल्यास दोन महिन्यांचे वेतन द्यायचे. संघाकडून खेळताना झालेल्या दुखापतीची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी करार संपला तरी संघाने पुरी करायची. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या माणसाला सहा-नऊ महिने लागतात, आणि करार तितके थांबत नाही. खेळत असतानाच प्रशिक्षकपदाच्या डी आणि सी परवान्याचे वर्ग करायचे असल्यास शुल्क संघाने भरायचे. आणि शेवटचा हंगाम असेल, तर तो जाहीर करायचा की नाही हे खेळाडूने ठरवायचे. खजिनदारांना पहिल्या कलमाची भीती वाटली होती. प्रत्यक्षात दंड भरण्याची वेळ एकदाच आली, कारण दंडाच्या धाकाने निर्णय वेळेत होऊ लागले. मला वाटते, या चारही गोष्टींचा मिळून खर्च एका मध्यम परदेशी खेळाडूच्या चुकलेल्या निवडीपेक्षा कमीच होतो, आणि तशी निवड आपण सगळेच दर दोन वर्षांनी करतो.

याने सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. मधल्या फळीतल्या एका खेळाडूला आम्ही डिसेंबरमध्येच सांगितले की हा शेवटचा हंगाम. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, पास मात्र पूर्वीपेक्षा अचूक देऊ लागला. आम्ही त्याला १६ वर्षांखालील मुलांच्या सरावाला आठवड्यातून दोन संध्याकाळ पाठवले, कारण जुना खेळाडू म्हणजे उद्याचा प्रशिक्षक असा आपला ठरीव समज आहे. तो समज क्लिफर्ड मिरांडा किंवा समीर नाईक यांच्यासारख्यांमुळे बळावतो. दोघेही धेंपोच्या मोठ्या संघाचे खेळाडू, पुढे प्रशिक्षक झाले, आणि मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशाने २०२३ साली सुपर कप जिंकला. आमच्या माणसाला मात्र मुलांचा कंटाळा येई. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली की तो स्वतः चेंडू घेऊन करून दाखवी आणि मुले बघत उभी राहत. सहा महिन्यांनी तो भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि तिथे सुखी आहे. पण त्याच्याकडे ते सहा महिने होते. लेफ्ट बॅककडे नव्हते.

आता आपल्या कर्णधाराबद्दल. करारात असे काही लिहिलेले नसणार, त्यामुळे जे करायचे ते आपल्याला हाताने करावे लागेल. नोंदणीची यादी संघटनेकडे जाण्याआधी, शक्य तर याच आठवड्यात, अध्यक्षांनी आणि आपण त्याच्या घरी जावे. मैदानावर बोलावू नये, कचेरीत तर नाहीच. प्रशिक्षकांना सोबत नेऊ नये. निर्णय झालेला असेल, तर ‘तुमचे मत काय’ असे विचारू नये. ठरलेल्या गोष्टीवर मत विचारणे हा अपमानच असतो. वर्षाचा पगार थकलेला असेल तर तो चुकता करूनच जावे, आधी बोलणी आणि मग धनादेश असे करू नये. इतर कुठल्या संघाला त्याची गरज आहे याची चौकशी आपणच करून ठेवावी, आणि तो आपल्याविरुद्ध खेळणार असला तरी शब्द टाकावा. हे आमच्या कार्यकारिणीला पचवायला मला दोन बैठका लागल्या होत्या.

प्रेक्षकांना समजावण्याची काळजी त्यानंतर करा. गावातल्या लोकांना यादीतले नाव गेल्याचा राग असतो हे खरे, पण तो कर्णधार रविवारी चर्चमधून किंवा देवळातून बाहेर पडताना चार माणसांना काय सांगतो, यावर तो राग किती टिकेल हे ठरते. निरोपाचा सामना ठेवणार असाल, तर तारीख त्याला विचारून ठेवा आणि हंगामपूर्व मित्रत्वाच्या सामन्यावर वेळ मारून नेऊ नका. लीगच्या पहिल्या घरच्या सामन्यात मध्यंतरापूर्वी दहा मिनिटे तो खेळला, तर प्रशिक्षकांचे काही बिघडणार नाही, मात्र त्यासाठी त्याची नोंदणी करावी लागेल, तेव्हा ते आधीच बोलून घ्या. आणि किट परत मागू नका.